पारड्यावरचा अंगठा

"ही भूक पोटाची नाही," डाव्या कानामागून बाईचा आवाज आला. "कारण आढळले नाही."

"कारण सापडेना ना? मग गप बस," मार्तंडराव चिवटे म्हणाले आणि त्यांनी भडंगाचा दुसरा बकाणा भरला.

सकाळचे साडेपाच वाजले होते. मिरजेच्या कृष्णाघाट रस्त्यावरच्या त्या घरात मार्तंडराव स्वयंपाकघरात पाटावर बसले होते, मांडीवर भडंगाचा डबा होता. मागच्या दारी पायरीवर त्यांची पत्नी कुमुदिनीबाई चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. गेली एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. फरक एवढाच, की पूर्वी कानामागून कोणी बोलत नव्हतं.

भूकसाक्षी येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आपल्या पोटापासून मेंदूपर्यंत एक लांबलचक नस जाते. वाटेत ती काळीज, फुप्फुसं, आतडी अशी घरोघरी डोकावत जाते, म्हणून तिला भटकी नस म्हणायचं. पोट रिकामं झालं की 'जेवण पाठवा' हा निरोप या नसेवरून वर जातो. पण राग, भीती, कंटाळा, एकटेपणा यांची खळबळही याच वाटेनं ये-जा करते, आणि मेंदू कामात असला की त्याला सगळे निरोप सारखेच वाटतात. साहेबांनी झापल्यावर माणसाला शेव खावीशी वाटते ती यामुळे. शास्त्रज्ञांनी पहिल्या भुकेला पोटभूक म्हटलं आणि दुसरीला मनभूक. तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र कानामागे कातडीखाली बसवायचं. ते भटक्या नसेवरचे निरोप वाचतं, माणसाचा आवाज आणि नाडी पडताळतं आणि कानात सांगतं, ही भूक कुठली आणि कशामुळे. हीच भूकसाक्षी.

आणि तिचा गुण येत होता, हे नाकारता येणार नाही. मनभुकेला तिचं खरं नाव कळलं की तिचं निम्मं बळ जातं. "कारण: धाकट्या जावेचं बोलणं," असं ऐकल्यावर बाई लाडवाचा डबा ठेवून द्यायची आणि जावेशी भांडून यायची. भांडणं वाढली, पण कंबरा कमी झाल्या. लग्नाच्या पंगतीतला आग्रह तर बंदच पडला. "आमची साक्षी नको म्हणतेय हो," एवढं म्हटलं की जिलबीवाला पुढे सरकायचा. साक्षीची पहिली आवृत्ती मोठ्यानं बोलायची; पण सांगलीतल्या एका हळदीकुंकवात बारा बायकांच्या साक्षी एकदम "कारण: यजमानीणबाईंचं नवं गंठण" असं ओरडल्या, तेव्हापासून आवाज ज्याचा त्याला ऐकू येण्याची सोय झाली.

सगळ्यांना कारण मिळायचं. मार्तंडरावांना मात्र नाही. त्यांच्या साक्षीचं आपलं एकच पालुपद: कारण आढळले नाही.

त्यात त्यांचा पेशा असा, की लोकांना हसू दाबणं अवघड जावं. मार्तंडराव वजनमापे निरीक्षक होते. गावोगावच्या दुकानांतले काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. आणि स्वतः एकशे सोळा किलो. बेडगच्या एका दुकानदारानं एकदा विचारलंही होतं, "साहेब, तुमच्यावर शिक्का कोन मारतंय वो?"

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग हृदयातली एक झडप खराब असल्याचं निघालं. ऑपरेशन करायलाच हवं होतं, पण शल्यचिकित्सकांनी अट घातली: सहा महिन्यांत वीस किलो उतरवा, नाहीतर टेबलावर घेणार नाही. आणि ऑपरेशन झालं नाही तर? डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मार्तंडराव काय ते समजले.

म्हणून ते अन्नमन संशोधन केंद्रात डॉ. शर्वाणी ओतारी यांच्याकडे गेले. साक्षीची नवी आवृत्ती बाईंच्याच हातची. वय पस्तीसच्या आतबाहेर, बोलणं सुरीनं भाजी चिरल्यासारखं.

"काका, कारण सापडत नाही असं होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काहीतरी लपवताय. ऑफिसात त्रास?"

"काटे तपासायला कसला त्रास? त्रास दुकानदारांना."

"एकटं वाटतं?"

"बाई, मला कधी एकटं सोडलंय कोणी?"

"दौऱ्यावर असताना किती खाता?"

मार्तंडराव विचारात पडले. "तिकडं भूक कमी असते. जत, आटपाडीला दोन भाकरीत भागतं. पाणी बदलतं ना."

"आणि मग?"

"मग रात्री हिचा फोन येतो. ती विचारते, जेवलात का. मी सांगतो, जेवलो. मी विचारतो, तू कशी आहेस. ती म्हणते, मला काय, काही नाही. मग फोन ठेवतो आणि जेवतो."

"जेवून झालेलं असतं ना?"

"परत जेवतो."

डॉ. ओतारींनी पेन खाली ठेवलं. मार्तंडरावांना मात्र आपल्या बोलण्यात काही विशेष वाटलं नाही. ते आपल्या धंद्यातलं सांगू लागले. "कसं आहे डॉक्टर, काटा तपासताना मी आधी रिकामं पारडं बघतो. पारड्यात काही नसताना काटा वजन दाखवत असेल तर दोन शक्यता. एक तर काटा बिघडलाय, नाहीतर पारड्याला कुणाचा तरी अंगठा टेकलाय. काटे इलेक्ट्रॉनिक झाले, पण अंगठे जुनेच आहेत. माझा काटा तुमच्या साक्षीनं तपासला, तो चांगला आहे म्हणता. मग…"

"मग अंगठा कुणाचा?" डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं. "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि ही."

"उद्या काकूंना घेऊन या."

कुमुदिनीबाई यायला तयार नव्हत्या. "मी कशाला? मला काय झालंय?" त्या चिमणीएवढं खायच्या आणि काठीसारख्या सडसडीत होत्या. साक्षीही त्यांनी बसवून घेतली नव्हती. भूक लागली की मला कळतं, त्याला यंत्र कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी "तुमच्या जिवासाठी" म्हणून आल्या.

केंद्रात काचेची एक भिंत होती. अलीकडे मार्तंडराव, पोटभर जेवलेले, समोर भडंगाची परात. पलीकडे कुमुदिनीबाई आणि डॉक्टर. पलीकडचा आवाज अलीकडे ऐकू येत होता. मार्तंडरावांच्या भुकेचा आकडा एका पडद्यावर दिसत होता.

"काकू, आज भाजी काय केली होती?"

"दोडका."

आकडा शून्य. मार्तंडराव हाताची घडी घालून बसले होते.

"मुलगी कुठे असते?"

"नांदेडला. मजेत आहे."

आकडा तीन. मार्तंडरावांनी दोन शेंगदाणे उचलले.

"सासूबाई कशा होत्या?"

"स्वभावानं चांगल्या होत्या," कुमुदिनीबाई जराशा थांबून म्हणाल्या. आकडा बावीसवर गेला आणि मार्तंडरावांनी मूठ भरली. डॉक्टर गालातल्या गालात हसल्या.

"लग्नाआधी काय करायचात?"

"काही नाही. पोहायचे."

"पोहायचात?"

"हो. कृष्णेत. पहाटे सराव असायचा. महापुरात पैलतीर गाठायची पैज दोनदा जिंकलीय मी. लोक घाटावर उभे राहायचे बघायला." बाईंचा आवाज जरासाही हलला नव्हता. निदान कानाला तरी तसं वाटत नव्हतं.

"मग सोडलं का?"

"काही नाही हो. असंच."

पडद्यावरचा आकडा शंभरला जाऊन थडकला. अलीकडून खडखडाट ऐकू आला. मार्तंडराव परात तोंडाला लावून उरलंसुरलं ओतून घेत होते.

त्या दिवशी डॉ. ओतारींनी जे सांगितलं त्याला पुढे 'सहभूक' हे नाव पडलं. दोन माणसं वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिली की त्यांच्या भटक्या नसा एकमेकींचं ऐकायला शिकतात. एकाच्या आवाजाची पट्टी केसभर उतरते, श्वास अर्धा होतो, घामाचा वास बदलतो. कानाला, नाकाला पत्ता लागत नाही, पण दुसऱ्याच्या आतड्याला लागतो. तान्ह्या बाळाची आई घाबरली की बाळ दूध ओढायला लागतं, त्यातलाच हा प्रकार. साक्षी मार्तंडरावांच्या आत कारण शोधत होती. कारण पलीकडे पायरीवर चहा पीत बसलं होतं.

"म्हणजे दुःख हिचं आणि वजन माझं?" मार्तंडरावांनी विचारलं.

"अगदी तसंच."

"हा तर सरळ मापातला घोटाळा आहे!"

"दोन वाटा आहेत काका. पहिली म्हणजे काकूंचं दुःख हलकं करा. ते कमी झालं की तुमची भूक आपोआप उतरेल. वेळ लागेल, पण वाट पक्की आहे."

"आणि दुसरी?"

"आधी पहिली करून बघा."

एकतीस वर्षांच्या संसारात मार्तंडरावांनी बायकोला "चहा झाला का" पासून "किल्ल्या कुठं आहेत" पर्यंत सगळं विचारलं होतं. हे कधी विचारलं नव्हतं. त्यामुळे संध्याकाळी त्यांनी तपासणीला गेल्यासारखा घसा खाकरला.

"कुमुद, तुला दुःख आहे म्हणे."

"कोण म्हणतंय?"

"आकडा."

"आकड्याला दुसरा उद्योग नाही."

"पोहणं का सोडलंस?"

कुमुदिनीबाई कणीक मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "तुम्हाला आठवत नाही? लग्नाला महिना झाला होता. तुम्ही पहाटे घाटावर आलात. तिथं चार माणसं उभी होती, मी पाण्यात होते. तुम्ही काठावरून हाक मारलीत, पुरे आता, चल घरी, भूक लागलीय. मी आले. तुम्हाला वाढलं." त्यांनी कणकेचा गोळा उलटा केला. "मग रोज त्याच वेळेला तुम्हाला भूक लागायला लागली. मी म्हटलं, नवरा खाण्यात पक्का आहे."

मार्तंडरावांना त्या दिवशीचं खरं आठवलं. त्या पहाटे त्यांना भूक मुळीच लागली नव्हती. लोक बायकोकडे बघताहेत याची लाज वाटली होती, आणि नव्या नवऱ्याच्या तोंडी आलं ते सोयीचं कारण त्यांनी सांगितलं होतं. त्यांना आता फार वाईट वाटलं. साक्षी लगेच बोलली, "ही भूक पोटाची नाही. कारण: पश्चात्ताप." नऊ वर्षांत प्रथमच त्यांना कारण मिळालं होतं, आणि खरोखरच डब्याकडे जावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून पोहण्याचा पोशाख घेऊन आले. दुकानदाराचा काटा मासाभर चुकला तरी ओळखणाऱ्या या गृहस्थांनी बायकोचं माप मात्र अंदाजानं सांगितलं होतं. पोशाखात दोन कुमुदिनीबाई मावल्या असत्या. बाईंनी तो अंगापुढं धरला आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढचे दोन दिवस साक्षी चकार शब्द बोलली नाही. मार्तंडराव दोन भाकरीत उठले. तिसऱ्या दिवशी पोशाख बदलून आणला, आणि चौथ्या पहाटे दोघं घाटावर गेली.

कुमुदिनीबाई पायऱ्या उतरून पाण्यात शिरल्या. आधी कंबरभर, मग त्यांनी अंग सोडून दिलं. त्रेपन्न वर्षांची बाई, पण हात पाण्यात जात होता तो आवाजसुद्धा न करता. मार्तंडराव काठावर उभे राहून बघत होते. आपली बायको इतकी देखणी आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. ती जरा लांब गेली. मग आणखी लांब. तिकडे प्रवाहाला ओढ असते. यांची झडप आधीच नाजूक. छाती धडधडू लागली आणि तोंडातून हाक बाहेर पडली.

"कुमुद! पुरे आता! चल घरी!"

हाक मारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण हाक परत घेता येत नाही. पाण्यातला हात थांबला. बाई वळल्या, काठाला आल्या, टॉवेल घेतला.

"अगं, मी काळजीनं… जा ना परत. जा. मी बोलत नाही."

"नको. झालं की." केस पिळता पिळता त्या म्हणाल्या, "या वयात काय आता."

"रागावलीस?"

"काही नाही."

घरी पोचेपर्यंत मार्तंडरावांनी वाटेतल्या गाड्यावर चार वडे खाल्ले. नंतरच्या महिन्यात त्यांनी दहादा विनवण्या केल्या. पोशाख दोरीवर वाळत घातलेला तसाच राहिला. ऑपरेशनला तीन महिने उरले होते आणि काटा एकशे चौदावर होता.

"दुसरी वाट सांगा," ते डॉ. ओतारींना म्हणाले.

दुसऱ्या वाटेचं नाव होतं कुंपण. साक्षीच्या दाण्यातूनच एक बारीक विद्युतस्पंद सोडायचा. भटकी नस स्वतःच्या पोटाचं ऐकेल, पण बाहेरून दुसऱ्या माणसाचं जे काही येतं त्याला तिथंच अडवेल.

"पण नसेला निवड करता येत नाही, काका. सहभूक थांबेल. त्याबरोबर काकूंच्या आवाजातलं जे तुम्हाला आजवर कळत होतं, तेही थांबेल."

"मला काय कळत होतं? एकतीस वर्षांत मला काडीचंही कळलेलं नाही."

"तुम्हाला नाही. तुमच्या पोटाला कळत होतं. जमेल तसं ते काकूंना सोबत करत होतं."

घरी जाऊन मार्तंडरावांनी बायकोला सगळं सांगितलं, लपवलं काही नाही.

"घालून घ्या कुंपण," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तुमचा जीव राहिला पाहिजे. माझं काय, काही नाही."

"ऑपरेशन झालं की काढून टाकू. शब्द देतो."

"बरं."

त्या वेळी मार्तंडरावांच्या पोटात असा काही खड्डा पडला, की त्यांनी पातेल्यातला उरलेला सगळा भात संपवला. तशी भूक त्यांना पुन्हा कधी लागली नाही.

कुंपणानं जादू केली. तीन महिन्यांत बावीस किलो उतरले. ऑपरेशन झालं, झडप नवी बसली. निवृत्तीच्या आधी कचेरीत सत्कार झाला, साहेब म्हणाले, चिवट्यांनी अखेर स्वतःचं माप दुरुस्त करून घेतलं. बेडगच्या दुकानदारानं स्वतः येऊन हार घातला. "आता मारा म्हनावं शिक्का!" मार्तंडराव जिना धावत चढू लागले. भूक लागली की साक्षी म्हणायची, "ही भूक पोटाची आहे. सावकाश जेवा," आणि ते सावकाश जेवायचे. अन्न इतकं गोड लागतं हे त्यांना माहीतच नव्हतं. केंद्राच्या माहितीपुस्तिकेत त्यांचा फोटो छापून आला.

कुंपण काढायच्या तारखेला ते केंद्रात गेले.

"काढायचं ना?" डॉ. ओतारींनी विचारलं.

मार्तंडरावांनी हात छातीवर ठेवला, मग सपाट पोटावर. "तसं आता घरी सगळं ठीकच आहे, डॉक्टर. काही जाणवत नाही. पुढच्या महिन्यात बघू या का?"

डॉक्टरांनी पुढची तारीख लिहून दिली. त्या तारखेला मार्तंडराव मित्रांबरोबर पन्हाळा चढायला गेले होते.

मग एके दिवशी, पहाटे साडेपाचला, ते फिरायला जायचे बूट घालून मागच्या दारी आले. कुमुदिनीबाई पायरीवर बसल्या होत्या. चहावर साय धरली होती. तोंड नदीच्या बाजूला होतं.

माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं, जोडीदाराला रोज विचारत चला. मार्तंडराव आता ते मनापासून पाळत. "काय गं, काय झालं?" त्यांनी प्रेमानं विचारलं.

"काही नाही."

मार्तंडराव लगेच निघाले नाहीत. काटा स्थिर व्हायला देतात तेवढा वेळ ते थांबले. पोटात काही हललं नाही. खरंच काही नव्हतं.

"बरं," ते म्हणाले आणि बायकोच्या खांद्यावर थोपटून, शीळ घालत फाटकाबाहेर पडले.

शीळ वळणापलीकडे जाईपर्यंत कुमुदिनीबाई बसून राहिल्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरचा भडंगाचा डबा कित्येक महिने उघडला नव्हता. झाकण घट्ट बसलं होतं. त्यांनी ते चमच्याच्या टोकानं उचकटलं, पाटावर बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि मूठ भरून पहिला बकाणा तोंडात टाकला. मग दुसरा.

त्यांच्या कानामागे साक्षी नव्हती. त्यामुळे त्यांना कोणीच काही म्हणालं नाही.